ताटातलं तोंड

शर्टाचं बटण, चार भोकांचं. दोन भोकांतून जाड दोरा ओवलेला. दोऱ्याच्या टोकाला गाठ.

*

तांदळाच्या कणगीत, कोपरभर खाली, दाण्यांत पुरलेला आरसा. त्याच्या पाठीवर मोर.

*

दुधाचा दात पडला की कौलावर फेकायचा.

*

जीपमध्ये खिडकीशी बसलेली बाई वळणावर मान डावीकडे वळवून बाहेर थुंकते. मान आत घेताना खालचा ओठ दातांखाली ओढते.

*

कुरमुरा टाळूला चिकटतो. शेंगदाणा चिकटत नाही.

*

आत्ता, हे वाचताना, तुमची जीभ कुठे आहे?

*

आश्रमशाळेत जेवणाला दोन घंटा होतात. एक बसायची, एक उठायची.

*

आधी घंटा.

आश्रमशाळा धसईच्या पुढे, डोंगर चढायला लागतो तिथे. दिपालीला जूनमध्ये तिथे पहिलीत जायचं होतं, कारण तिच्या ठाकूरवाडीवर शाळा नाही. दिवाळी झाली की वाडीतल्या जोड्या वीटभट्टीवर जातात, आणि भट्टीवर गेलेलं पोर परत वर्गात बसलेलं वाडीने फारसं पाहिलेलं नाही. या वर्षी तिची आई भिमी पोरीसाठी मागे राहिली आणि बाप लखमा भावाबरोबर गेला. दरवर्षी असं चालणार नव्हतं. भट्टीला नवरा-बायकोची जोडी लागते.

अडचण दाखल्याची नव्हती, तोंडाची होती. दिपाली सहा वर्षांची झाली तरी तोंड सदा उघडं, हनुवटी ओली. घास आत गेला की जीभ त्याला बाहेर ढकलायची. भात पाण्याबरोबर खाली उतरायचा, भाकरीला ठसका लागायचा. तिचं जेवण होईपर्यंत घरातली भांडी घासून पालथी घातलेली असायची. बोलताना ‘स’ आणि ‘त’ दातांच्या बाहेर सांडायचे. नाकामागची वाढलेली गाठ गेल्या वर्षी काढली होती. नाक मोकळं झालं, पण सवय सुटली नाही.

होळीच्या सुमारास शाळेच्या अधीक्षिकाबाईंनी तिला जेवताना पाहिलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. पोरगी चुणचुणीत आहे, पण पंगतीबरोबर उठता आलं पाहिजे. भरवायला इथे कुणी नाही, आणि ठसका लागला तर दवाखाना लांब. जूनमध्ये एक जेवण बघू. जमलं तर ठेवून घेऊ.

एक जेवण. दोन घंटांच्या मधलं.

*

आता मिताली.

ती शेणव्याची. मुंबईत राहून वाचा आणि गिळणं यांचं शिकली आणि शहापूरच्या एका संस्थेत लागली. दर गुरुवारी मुरबाडचं केंद्र, एका खोलीचं. शेणव्याहून किन्हवली, किन्हवलीहून सरळगाव, सरळगावहून मुरबाड. जी जीप मिळेल ती. जीपवाला जीवन तिला बघितलं की ओरडायचा, जिभेची बाई आली, पुढं जागा करा. पहिल्यांदा ती हसली होती. नंतर हसणं बंद झालं, तरी पुढची जागा मिळत राहिली.

तोंडाचे स्नायू म्हटलं की लोक तिच्या दंडाकडे बघत. सोप्या शब्दांत सांगायला ती शिकली होती: जिभेला एक घर असतं. वरच्या दातांच्या मागे, टाळूवरची खडबडीत जागा. बोलून झालं, गिळून झालं की जिभेने घरी जाऊन बसायचं. काही पोरांची जीभ घरी जात नाही, ओटीवर बसून राहते. मग ओठ मिटत नाहीत, घास मागे जात नाही, दात पुढे येतात. तिला घराची सवय लावायची, एवढंच आपलं काम.

एवढंच. हा शब्द बोलताना तिला दरवेळी खोटं बोलल्यासारखं वाटे.

*

संक्रांतीनंतर तिने भिमीला दिलेले व्यायाम असे:

आरशासमोर बसायचं. बटण ओठांच्या आत, दातांच्या बाहेर. ओठ मिटायचे. मोठ्या माणसाने दोरा हळू ओढायचा. बटण सुटता कामा नये.

आरशासमोर बसायचं. कुरमुरा जिभेच्या टोकावर घेऊन घरी चिकटवायचा. विरघळेपर्यंत जीभ हलवायची नाही.

आरशासमोर बसायचं. घोटभर पाणी. जीभ घरी, दात दातावर, ओठ उघडे. गिळायचं. जीभ बाहेर डोकावली तर पुन्हा.

भिमीने मान हलवली. आरसा घेऊ, म्हणाली. आणि सुरुवातीचे काही गुरुवार खरंच बरे गेले. बटण टिकायला लागलं. हनुवटी कोरडी व्हायला लागली. मितालीने शहापूरला साहेबांना सांगितलंसुद्धा, मुरबाडची ती ठाकराची पोर सुधारतेय.

मग दिपालीचे वरचे पुढचे दोन दात पडले. मितालीने भिमीला बजावलं, आता जास्त लक्ष द्या. समोर खिंडार पडलंय, जीभ तिथूनच बाहेर बघणार. आरसा सोडू नका.

आणि सगळं उलटं फिरलं. नुसतं थांबलं असतं तर तिला समजलं असतं, हे मागे निघालं होतं. एका गुरुवारी बटण सुटलं, पुढच्या गुरुवारी ओठांनी ते धरलंच नाही. भिमी शपथेवर सांगत होती, एक दिवस चुकवला नाय, दोन टाइम करतो, कधी तीन टाइम बी. मितालीला राग आला, आणि हा राग तिच्या ओळखीचा होता. घरी काही न करता शपथा घेणारे आईबाप तिला रोज भेटत. पण दिपाली व्यायामाचं नाव काढताच स्वतः मांडी घालून बसत होती, पाठ ताठ, डोळे समोर. व्यायाम होत होते. घरी काहीतरी होतच होतं.

*

मुरबाडच्या खोलीत मितालीने तिला घोटभर पाणी दिलं आणि फक्त बघत बसली.

खालचा ओठ आत ओढला गेला. जीभ त्या ओठाला जाऊन टेकली. हनुवटी आवळली. पाणी गेलं. आणि मग मान हलकेच डावीकडे वळली आणि परत आली.

पुन्हा दिलं. पुन्हा तसंच, शेवटी मान डावीकडे.

हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. मान वळवायचा गिळण्याशी काही संबंध नव्हता. मितालीने शहापूरच्या साहेबांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, न्यूरोला दाखवून घ्या, कल्याणला पाठवा. कल्याण. म्हणजे आणखी एक खाडा, आणखी एक रांग.

परतीच्या जीपमध्ये खिडकीशी एक म्हातारी होती. सरळगावच्या वळणावर तिने मान डावीकडे वळवली, थुंकली आणि खालचा ओठ दातांखाली ओढून मशेरी जागेवर बसवली.

मिताली तिच्याकडे इतका वेळ बघत राहिली की म्हातारी म्हणाली, काय गो, तुला पायजे का?

*

पुढच्या गुरुवारी मुरबाडची खोली बंद ठेवून ती धसईला उतरली आणि ठाकूरवाडी चढून गेली. परवानगी घेतली नव्हती. उन्हाने डोकं तापलेलं, चपलेचा अंगठा तुटलेला.

भिमी भाजीच्या मळ्यात कामाला जायची, म्हणून व्यायाम बाईजा घ्यायची. लखमाची थोरली विधवा बहीण, दिपालीची आत्या. दिपाली जेवायची ती आत्याच्याच हाताने. मिताली म्हणाली, आत्ता करून दाखवा. बाईजाने लगेच पदर खोचला. सारवलेल्या ओटीवर ती आणि पोर समोरासमोर बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून.

बाईजाने पाण्याचा घोट घेतला. दिपालीने घेतला.

बाईजाचा खालचा ओठ आत गेला. त्यात मशेरी होती. ती पाण्याबरोबर जाऊ नये म्हणून जिभेने तिला आतून बांध घातला, हनुवटी आवळली, गिळलं, मान डावीकडे.

दिपालीने सगळं केलं. मशेरी सोडून सगळं. मानसुद्धा.

पोरगी उत्तम शिकत होती. कितीतरी आठवडे, दोन टाइम, कधी तीन टाइम, ती तंबाखू धरायला शिकत होती.

मितालीला आधी हसू आलं, आणि ते तोंडातून निघायच्या आत राग आला. केंद्रात ती पुस्तकी बोलायची. रागात शेणवा बाहेर यायचा.

“आते, येवढं सांगून ठेवलं, आरसा घ्या, आरसा घ्या. आरसा कुठंय?”

“कणगीत.”

“कणगीत कशाला?”

“पोरीचा हात पोचू नाय म्हनून.”

भिमी दाराशी उभी होती, खाली बघत. मितालीने विचारलं, घरात आरसा असून लपवला? बाईजाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू शेणव्याला बायाच राहत नसाव्यात.

“दात येस्तवर पोराला आरसा दाखवू नाय.”

“ते तान्ह्या पोराला, आते. अंगावर पिनाऱ्या.”

“मंग हिचं तरी कुठं आलंत?” बाईजाने अंगठ्याने दिपालीचा वरचा ओठ उचलला. गुलाबी, रिकामी हिरडी. “बघा की. हाय का नाय तान्हीसारखी?”

“दुसऱ्या दातांना पन लागतं, असं कोन बोललं तुमाला?”

“कोन कशाला बोलल? दात नाय म्हंजे नाय. आदीच हिची वाचा अडकलेली. आरसा बघून उरली ती बी गेली, तर तुमी देनार आनून?”

मितालीच्या भावाला मूल झालं तेव्हा शेणव्याच्या घरातही कपाटाच्या आरशावर टॉवेल टाकला होता. तिने स्वतः तो टॉवेल धुऊन परत लावला होता. तिथे ती कुणाशी भांडली नव्हती. दात आले, टॉवेल निघाला. दुसऱ्या खेपेच्या दातांचा विचार शेणव्यात कुणी केला नव्हता, मुंबईच्या कॉलेजात तर नाहीच.

“तुमीच बोलल्या, समोर तोंड पायजे,” बाईजा म्हणाली. “मंग मी बसते समोर. जंगलात जायचं सोडून बसते.”

आणि इथे मिताली ते बोलली, जे ती सगळा चढ मनात घोळवत आली होती. “तुमाला पोर शाळेत जायलाच नको. घरात पायजे तुमाला, ते सांगा.”

भिमी हळूच म्हणाली, म्याडम, असं नका. वनसं तसल्या नाय.

बाईजा उठली. ओटीच्या कडेला जाऊन मशेरी थुंकली, चूळ भरली, परत येऊन बसली.

“पायजे,” ती म्हणाली. “घरात पन पायजे. नि पंगतीत पन पायजे. आता दावा, कसं करायचं ते.”

*

दाखवलं.

बाईजाचं तोंड साठीला आलेलं. चूळ भरली तरी ओठ आपसूक आत जायचा, मान आपसूक वळायची. तिने चार वेळा केलं, चारही वेळा चुकलं, चौथ्या वेळी स्वतःवरच वैतागून तिने आपल्या हनुवटीला चापट मारली. भिमी करू गेली तर दिपाली तिच्याकडे बघेचना; तिला समोर आत्याच हवी. मिताली स्वतः बसली. पण मिताली गुरुवारची. बाकीचे दिवस कोण?

तिने तीनदा समजावलं की आरशाने वाचा जात नाही. भिमी हो म्हणाली. बाईजाही हो म्हणाली, आणि कणगीपुढे पाट टाकून त्यावर बसली.

शेवटी भिमीने जेवायला वाढायला ताटं घेतली. राखेने घासलेली स्टीलची ताटं. एक दिपालीच्या पुढ्यात ठेवलं आणि पोरगी त्यात वाकून बघायला लागली. तिने जीभ बाहेर काढली. ताटातल्या पोरीनेही काढली.

मितालीने बाईजाकडे पाहिलं. बाईजाही ताटाकडेच बघत होती.

“ह्ये चालल,” बाईजा म्हणाली.

“ताटात चालतं? तोंड दिसतंय की त्यात.”

“ताट ताट हाय. आरसा आरसा हाय.”

भिमी फसकन हसली. मिताली इतकी दमली होती की तिने वाद घातला नाही. ताटात तोंड भोपळ्यासारखं पसरट दिसत होतं, कपाळ दोन ठिकाणी होतं. पण खिंडारातून जीभ डोकावली की गुलाबी ठिपका स्पष्ट दिसायचा. तेवढं पुरे होतं. ताट डाव्या हातात धरायचं. घास घेतला की बघायचं. गुलाबी दिसलं तर ओठ मिटून जीभ घरी न्यायची, मग गिळायचं. बघायचं, न्यायचं, गिळायचं.

पोरगी उत्तम शिकत होती. आता बरोबर ते शिकायला लागली. मे संपता संपता बटण टिकलं, कुरमुरा विरघळेपर्यंत घरी राहिला, भाकरीचा ओला तुकडा पाण्याशिवाय उतरला. बाईजा तोंड धुऊन शेजारी बसायची, समोर नाही. मान वळायची बंद झाली. भिमीच्या सांगण्याप्रमाणे पोरगी आता घरातल्यांबरोबर उठत होती; तिच्यासाठी दोन ताटं मांडायची, एक खायचं, एक बघायचं.

एक पायरी राहिली होती. ताट काढून घ्यायचं. न बघता गिळायला लावायचं. ती मितालीने जूनच्या पहिल्या गुरुवारसाठी ठेवली होती. त्या गुरुवारी शहापूरला पाहुणे आले आणि साहेबांनी तिला मुरबाडला जाऊ दिलं नाही. प्रोजेक्टरची वायर सापडत नव्हती, ती शोधण्यात सकाळ गेली. दुपारी पाहुण्यांनी तिला विचारलं, ग्रामीण भागातली मुख्य अडचण काय? ती म्हणाली, गुरुवार. ते हसले. तिने विनोद केला नव्हता.

*

शाळा सुरू झाली. पडवीत पोरांच्या रांगा. श्लोक झाला. पहिली घंटा.

लखमा, भिमी आणि बाईजा फाटकापाशी उभे होते, मिताली खांबाजवळ. सकाळी तिने दिपालीसमोर उकिडवं बसून एकच सांगितलं होतं, घाबरू नको, अगदी घरच्यासारखं कर.

दिपालीपुढे ताट आलं. एकच. भात आणि वरण, काठापर्यंत.

तिने ताटात पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

तिने शेजारच्या पोरीच्या ताटात पाहिलं. तिथेही वरण. मग तिने मान वर करून खांबाकडे पाहिलं. मितालीला वाटलं, पोरगी धीर मागतेय. तिने मान हलवली. हो. घरच्यासारखं.

दिपालीने ताट दोन्ही हातांनी उचललं आणि भात अलगद फरशीवर ओतला. नव्या फ्रॉकच्या घोळाने ताट पुसलं. गुडघ्यांना टेकवून उभं केलं, थोडं कलतं केलं, थोडं सरळ, तोंड सापडेपर्यंत. मग फरशीवरून घास उचलला, तोंडात घातला, बघितलं. ओठ मिटले. हनुवटी आवळली नाही. गिळलं. मान जागच्या जागी.

दुसरा घास. तसाच.

तिसरा.

असं निर्दोष गिळणं मितालीने मुरबाडच्या खोलीत कधी पाहिलं नव्हतं. तोवर रांगेतली पोरं फुटली होती. एकाने आपलं ताट उचलून त्यात दात विचकले. दुसऱ्याने वरण सांडलं. वाढणाऱ्या बाई पळीसकट धावल्या. भाताला पाय लागेल म्हणून कुणीतरी तो केरसुणीने कडेला ओढायला लागलं, आणि दिपालीचा हात घासाकडे गेला तेव्हा घास तिथे नव्हता.

दुसरी घंटा.

मिताली अधीक्षिकाबाईंच्या मागे ऑफिसपर्यंत गेली. तिने सगळं सांगितलं, ताट, दात, राहिलेली पायरी. तिचा आवाज चढत गेला, तिला तो ऐकू येत होता, पण खाली आणता येत नव्हता. “ती गिळत होती. तुम्ही पाहिलंत ना? पाण्याशिवाय गिळत होती.”

“पाहिलं,” अधीक्षिकाबाई म्हणाल्या. त्या चिडलेल्या नव्हत्या, ते जास्त वाईट होतं. “सगळ्या पोरांनीही पाहिलं. उद्या सगळ्यांची ताटं पालथी. दिवाळीनंतर आणा, मॅडम. दात आले की आणा.”

दिवाळीनंतर. मितालीने फाटकाशी जाऊन सांगितलं. लखमाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, दिवाळीनंतर आमी भट्टीवर. कोन आनल तिला?

त्याने रागाने विचारलं नव्हतं. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मिताली म्हणाली, बघू. हा शब्द तिने इतरांच्या तोंडून आयुष्यभर ऐकला होता.

भिमी फ्रॉकवरचं वरण पुसत होती आणि ते पसरत होतं. दिपालीचं तोंड मिटलेलं होतं. एरवी मितालीने ते सगळ्यांना दाखवलं असतं.

बाईजाने एवढंच विचारलं, “मान वळली का?”

“नाय, आते.”

“एकदा बी?”

“एकदा बी नाय.”

बाईजाने कमरेची डबी काढली, चिमूट ओठात ठेवली आणि वाडीच्या वाटेला लागली. पोरगी तिच्या मागोमाग.

*

मोराचा आरसा बाईजानेच धसईच्या बाजारात घेतला होता, संक्रांतीनंतर, व्यायाम दिले त्याच आठवड्यात. तेव्हा दिपालीचे पुढचे सगळे दात जागेवर होते.